‘स्नॉब’ म्हणजे नेमका कोण? आणि ‘सिने नोबिलिताते’ची गोष्ट खरी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १८४०च्या आसपासच्या एका इंग्रजी लेखाचं तुम्ही मराठी करताय. त्यात एका साध्या दुकानदाराला ‘स्नॉब’ म्हटलंय. हा माणूस कुणालाही कमी लेखत नाही, उलट बाकीचेच त्याला हिणवतात. कोशात मात्र ‘इतरांना तुच्छ समजणारा’ असा अर्थ मिळतो आणि तो इथे बसत नाही. शिवाय तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की हा शब्द लॅटिनमधल्या ‘सिने नोबिलिताते’, म्हणजे ‘सरदारकी नसलेला’, याच्या ‘एस. नॉब.’ या संक्षेपातून आला. ते खरं का, आणि मराठीत काय लिहायचं, हे तुम्हाला हवंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. शब्द कुठून आला हा एक आणि तुमच्या लेखकाने तो कोणत्या अर्थाने वापरला हा दुसरा. लॅटिनची गोष्ट दोन्ही एकदम सोडवल्यासारखी वाटते, म्हणूनच ती इतकी पसरली आहे. ती खरी नाही, आणि का नाही ते पुढे सविस्तर सांगते. अर्थाचं मात्र एका वाक्यात उत्तर देता येत नाही. लेख कोणत्या साली लिहिला, बोलणारा कोण आणि तो कुणाबद्दल बोलतोय, या तीन गोष्टींवर ते ठरतं. ‘स्नॉब’ या शब्दातल्या तिरस्काराची दिशा साधारण सव्वाशे वर्षांत पूर्ण उलटली. आधी वरचे लोक खालच्यांना ‘स्नॉब’ म्हणत, आता खालचे (किंवा स्वतःला तसं मानणारे) वरच्यांना म्हणतात. तुमचा लेख नेमका या वळणावरचा आहे.

लेखी पुराव्यात हा शब्द पहिल्यांदा १७८१मध्ये सापडतो. तेव्हा त्याचा अर्थ चांभार किंवा त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा, एवढाच होता. फ्रान्सिस ग्रोस यांच्या बाजारू इंग्रजीच्या कोशाच्या १८११च्या आवृत्तीतही ‘चांभाराचं टोपणनाव’ इतकीच नोंद आहे. स्कॉटलंडच्या बोलीत याच अर्थाने ‘स्नॅब’ असं रूप मिळतं. त्यामागे काय होतं, याला कोशकारांचं एकच उत्तर आहे: उगम अज्ञात. पुष्कळांना हे उत्तर पचत नाही. पण बोलीतून वर आलेल्या शब्दांचं असं फार वेळा होतं. ते पिढ्यान् पिढ्या तोंडी फिरत राहतात आणि कुणीतरी कागदावर उतरवतो तोवर मूळ हरवलेलं असतं.

चांभार हा अर्थ पुढे सहजासहजी मेला नाही. ब्रिटिश सैन्याच्या आणि नौदलाच्या बोलीत बूट दुरुस्त करणाऱ्याला विसाव्या शतकातही ‘स्नॉब’ म्हणत. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या कातरणाऱ्यांच्या बोलीत तर तो आणखी एक पाऊल पुढे गेला. कातरायला उरलेल्या शेवटच्या मेंढीला ते ‘कॉब्लर’, म्हणजे चांभार, म्हणत. जोडा शिवताना आत घालायच्या साच्याला इंग्रजीत ‘लास्ट’ म्हणतात आणि शेवटच्यालाही ‘लास्ट’च, त्यावरचा हा श्लेष. मग त्या मेंढीला ‘कॉब्लर’ऐवजी ‘स्नॉब’ही म्हणू लागले. हा श्लेष तिथे कळत होता, याचाच अर्थ बोलणाऱ्यांच्या मनात ‘स्नॉब’ म्हणजे चांभार हे पक्कं होतं. व्युत्पत्तीच्या वादात अशा आडबाजूच्या साक्षी मला फार मोलाच्या वाटतात, कारण त्या कुणी वाद जिंकण्यासाठी तयार केलेल्या नसतात.

दुसरा टप्पा केंब्रिजचा. १७९६च्या सुमारास तिथले विद्यार्थी गावातल्या लोकांना ‘स्नॉब’ म्हणू लागले. विद्यापीठाचा झगा घालणारे ते आपले, बाकी शिंपी, खाटीक, दुकानदार, घरमालक सगळे ‘स्नॉब’. एका कारागिराचं नाव अख्ख्या गावाला लावलं गेलं. विद्यापीठांच्या गावांत असं घडण्याची ही एकमेव वेळ नव्हे. ‘कॅड’ म्हणजे आज हलकट, बेभरवशाचा पुरुष, पण ऑक्सफर्डच्या बोलीत तोही आधी गावकरीच होता. जर्मनीत विद्यार्थी बिगर-विद्यार्थ्यांना ‘फिलिस्टर’ म्हणत. त्यातून इंग्रजीत कलेची जाण नसलेल्या माणसासाठी ‘फिलिस्टाइन’ रुळला आणि १८६९मध्ये मॅथ्यू आर्नल्ड यांच्या ‘कल्चर अँड अ‍ॅनार्की’ने तो सर्वतोमुखी केला. तिन्ही शब्दांची जडणघडण सारखीच आहे. एका बंदिस्त, सुखवस्तू गटाने कुंपणाबाहेरच्यांना दिलेली ही नावं आहेत.

केंब्रिजमधल्या अर्थाचा एक पुरावा इतका नेमका आहे की तो लक्षात ठेवाच. १८२९मध्ये तिथे विद्यार्थ्यांनी ‘द स्नॉब’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं. त्याच्या नावाखालीच छापलं होतं की हे विद्यापीठाच्या सदस्यांनी चालवलेलं नाही. नाव आणि उपशीर्षक एकत्र वाचलं की अर्थ आपोआप उलगडतो: स्नॉब तो, जो विद्यापीठाचा नाही. त्या नियतकालिकात लिहिणारा एक विद्यार्थी होता विल्यम मेकपीस थॅकरी, पुढे नावाजलेला इंग्रजी कादंबरीकार. जन्म १८११चा, कलकत्त्याचा. ट्रिनिटी कॉलेजात १८२९मध्ये दाखल झाला आणि १८३०मध्ये पदवी न घेता बाहेर पडला. (नावाचा इंग्रजी उच्चार ‘थॅकरी’ असा आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी लेखन याच लेखकावरून घेतलं असं सर्वत्र सांगितलं जातं, त्यामुळे मराठी लेखनात दोघांची नावं सारखी लिहिण्याचा मोह होतो. भाषांतरात ‘थॅकरी’च ठेवा.)

थॅकरीकडे वळण्याआधी एक छोटा पण तुमच्या कामाचा टप्पा आहे. १८३१पर्यंत शब्द केंब्रिजबाहेर पडून ‘सर्वसामान्य, खालच्या वर्गातला माणूस’ या अर्थाने वर्तमानपत्रांत येऊ लागला होता. त्याची जोडी जमली होती ‘नॉब’शी, म्हणजे बड्या असामीशी. संसदेतल्या जागा आणि मताधिकार बदलू पाहणाऱ्या सुधारणा विधेयकावरून देश पेटलेला असताना, जुलै १८३१मध्ये, ‘लिंकन हेरल्ड’ने लिहिलं की नॉबांच्या घाणेरड्या जागा गेल्या आणि त्या प्रामाणिक स्नॉबांनी मिळवल्या. ‘प्रामाणिक’ हे विशेषण पाहा. इथे स्नॉब ही शिवी नाही, अभिमानाने छातीवर लावलेला बिल्ला आहे. तुमच्या लेखातला दुकानदार बहुधा याच अर्थाने ‘स्नॉब’ असावा. फक्त बोलणारा कोणत्या बाजूचा आहे त्यावर ते कौतुक आहे की हिणवणं, हे ठरेल.

खरी कलाटणी मिळाली १८४०च्या दशकात. १८४३च्या सुमारास ‘स्नॉब’ म्हणजे वरच्या वर्गाची बेगडी नक्कल करणारा, असा अर्थ दिसू लागतो. थॅकरीने ‘पंच’ साप्ताहिकात १८४६ ते १८४७ असं वर्षभर ‘द स्नॉब्ज ऑफ इंग्लंड’ ही लेखमाला लिहिली आणि तो अर्थ घरोघरी नेला. ‘त्यांच्यापैकीच एकाकडून’ अशी तिच्याखाली सही असे. १८४८मध्ये ती ‘द बुक ऑफ स्नॉब्ज’ या नावाने पुस्तकरूपात आली. राजा, लष्कर, धर्मगुरू, विद्यापीठ, व्यापारी, साहित्यिक, क्लबातले मेंबर असा एकेक वर्ग घेऊन त्याने दाखवलं की स्नॉब कोणत्याही पायरीवर सापडतो. चौथ्या जॉर्ज राजालाही त्याने सोडलं नाही. त्याची व्याख्या मराठीत साधारण अशी होईल: क्षुद्र गोष्टींचं क्षुद्रपणे कौतुक करतो तो स्नॉब.

या व्याख्येने काय बदललं? आधी स्नॉब असणं जन्माने किंवा धंद्याने ठरत होतं: तुम्ही चांभार, तुम्ही गावकरी, तुम्ही खालचे. थॅकरीने ते वृत्तीवर आणून ठेवलं. आता लॉर्डसुद्धा स्नॉब होऊ शकतो आणि प्रामाणिक चांभार स्नॉब नसू शकतो. उमरावांच्या पदव्यांपुढे झुकण्याच्या रोगाला त्याने ‘लॉर्डपूजा’ या अर्थाचं नाव दिलं, आणि दोष एकट्या माणसाचा नाही, अशी पूजा घडवून आणणाऱ्या व्यवस्थेचा आहे, असं बजावून सांगितलं. माझ्या मते या शब्दाच्या आयुष्यातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे. कष्टकऱ्याच्या धंद्याचं नाव शिवी म्हणून वापरण्याची सवय सगळ्या समाजांना असते, आपल्याला तर ती फार जवळून माहीत आहे. इंग्रजीतच ‘व्हिलन’ हा मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस, आणि ‘बूर’ म्हणजे गावंढळ हा मुळात शेतकरी. ते शब्द जिथे पडले तिथेच राहिले. ‘स्नॉब’ मात्र चांभाराच्या अंगावरून निघाला आणि त्याला हिणवणाऱ्यांना जाऊन चिकटला.

संक्रमणाच्या काळात शब्द किती डळमळीत होता, हे पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात दिसतं. निवेदक नेपल्समध्ये एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर जेवतो. तो गृहस्थ वाटाणे सुरीने खातो, आणि तेवढ्यासाठी निवेदक त्याच्याशी मैत्री तोडतो. आजच्या वाचकाला विचारा, यात स्नॉब कोण? तो निवेदकाकडे बोट दाखवेल. पण तिथे स्नॉब ठरवला गेलाय तो सुरीने वाटाणे खाणारा. त्याच प्रकरणात थॅकरी ‘सापेक्ष’ आणि ‘निरपेक्ष’ असे दोन प्रकार पाडतो: काही माणसं विशिष्ट प्रसंगापुरती स्नॉब असतात, काही सकाळपासून रात्रीपर्यंत. भाषांतरकाराने इथे ‘शिष्ट’ लिहिलं तर प्रसंगच उलटा होईल. वाटाणे सुरीने खाणारा शिष्ट कसा? इथे ‘असंस्कृत’, ‘रीतभात नसलेला’ यांच्या आसपासचा शब्द लागेल.

मग आजचा अर्थ कसा आला? दिशा उलटली ती थेट नाही, नकलेच्या मधल्या अर्थातून. वरच्या वर्गात घुसू पाहणाऱ्याला दोन कामं करावी लागतात: वरच्यांची मर्जी सांभाळायची आणि आपण ज्यांच्यातून आलो त्यांच्याशी नातं नाकारायचं. पहिलं काम म्हणजे लाचारी आणि दुसरं म्हणजे तुच्छता. थॅकरीच्या काळात भर पहिल्यावर होता. पुढे वाचकांना दुसरं काम जास्त जाणवू लागलं, आणि शब्द केवळ धडपडणाऱ्यांपुरता न राहता, जे आधीच वर पोहोचलेत आणि खाली पाहून नाक मुरडतात त्यांनाही लागू झाला. १९११पर्यंत हा अर्थ मुख्य झालेला दिसतो. तिथून तो हुद्द्यापलीकडे गेला: पुस्तकांचा स्नॉब, वाइनचा स्नॉब, उच्चारांचा स्नॉब. साधेपणाचीच ऐट मिरवणाऱ्यासाठी ‘उलटा स्नॉब’ असाही प्रयोग रूढ झाला. फ्रेंचांनी हा शब्द घेतला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यांच्याकडे अजूनही ‘फॅशनमागे धावणारा’ हा रंग जास्त गडद आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत येणाऱ्या मजकुरात हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता ‘सिने नोबिलिताते’. ही गोष्ट दोन-तीन रूपांत सांगतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नोंदवह्यांत सरदारकी नसलेल्या विद्यार्थ्यांपुढे ‘एस. नॉब.’ लिहीत, किंवा जहाजांच्या प्रवासी याद्यांत, कप्तानाच्या टेबलावर कुणाला बसवायचं हे ठरवण्यासाठी, किंवा गावातल्या रहिवाशांच्या याद्यांत. स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा इ गासेत यांच्यासारख्या मोठ्या माणसानेही ती खरी मानून लिहिली आहे, त्यामुळे ती बऱ्याच प्रतिष्ठित ठिकाणी सापडेल. लेखक मोठा असला तरी तो व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही. पुरावा लागतो तो ‘एस. नॉब.’ असं लिहिलेल्या जुन्या कागदाचा, आणि तसा कागद कुणी दाखवलेला नाही.

पण कागद नाही एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण ‘उद्या सापडेल’ असं कुणीही म्हणेल. ही गोष्ट आतूनच तुटते. नोंदवहीची कथा खरी असती, तर सरदारकी नसलेला विद्यार्थी हा स्नॉब ठरला असता. केंब्रिजमध्ये मात्र स्नॉब होता तो विद्यार्थी नसलेला, ज्याचं नाव त्या वहीत येण्याची शक्यताच नव्हती. शिवाय अशा खुणेची गरजच कुणाला होती? केंब्रिजमध्ये तेव्हा विद्यार्थ्यांचे दर्जे ठरलेले होते: सरदारपुत्र, जादा शुल्क भरणारे फेलो-कॉमनर, नेहमीचे पेन्शनर आणि गरीब सायझर, जे आपल्या खर्चाच्या बदल्यात कामं करत. (आयझॅक न्यूटन १६६१मध्ये ट्रिनिटीत दाखल झाला तो याच शेवटच्या वर्गात.) प्रत्येक दर्जाला आपलं नाव होतं. सरदारपुत्र मूठभर, म्हणून खूण त्यांना असे: टोपीवर सोनेरी गोंडा. या गोंड्याला ‘टफ्ट’ म्हणत आणि त्यांच्यामागे लाळ घोटत फिरणाऱ्याला ‘टफ्ट-हंटर’, म्हणजे गोंड्यांचा शिकारी. विद्यापीठाच्या खऱ्या वर्गभेदातून शब्द निघाला तो असा, डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूतून. सरदारकी नसलेल्या बहुसंख्यांपुढे ‘सरदारकी नाही’ असं लिहीत बसणं कोणत्याही कारकुनाला परवडलं नसतं.

आणि सर्वांत साधी गोष्ट: १७८१चा चांभार या कथेत कुठेच बसत नाही. जी व्युत्पत्ती शब्दाचा सर्वांत जुना अर्थ वगळून पुढे जाते ती टाकून द्यावी, ती कितीही सुबक असली तरी.

आद्याक्षरांच्या कहाण्यांबद्दल सर्वसाधारण सावधगिरीही हवी. आद्याक्षरं जुळवून बोलायचे शब्द करण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की माझा पहिला संशय तिथेच जागा होतो. याच वर्गातला दुसरा शब्द ‘पॉश’ आपल्याकडे जास्त ओळखीचा आहे, आणि त्याची कहाणी थेट मुंबईच्या बोटींवर रचली आहे. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर हिंदुस्थानात येताना डाव्या आणि परत जाताना उजव्या बाजूच्या, म्हणजे सावलीतल्या, केबिनी श्रीमंत लोक घेत आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, येताना उजवी) या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं छापत, असं सांगतात. असं तिकीट सापडलेलं नाही. शब्द लेखी पुराव्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिसतो आणि त्याचंही मूळ अनिश्चितच आहे.

तुम्हाला पुढेही असे शब्द लागतील, म्हणून तपासण्याची रीत सांगते. आधी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी उघडा, तिची एका खंडातली छोटी भावंडं नव्हेत. मोठ्या कोशात अर्थ कालक्रमाने येतात आणि प्रत्येकाखाली सालासकट अवतरणं असतात. छोट्या कोशांत बहुधा आजचा रूढ अर्थ पहिला येतो, आणि तुमची अडचण तिथेच झाली असणार. मोठा कोश सशुल्क आहे, पण विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून बहुधा पाहता येतो. बोलीतल्या शब्दांसाठी जोनाथन ग्रीन यांचा स्लँग कोश ऑनलाइन आहे, आणि झटपट अंदाजासाठी डग्लस हार्पर यांचं एटिमॉलॉजी संकेतस्थळ चांगलं. तिन्हींत सर्वांत जुनं साल आणि सर्वांत जुना अर्थ आधी टिपा. मग पाहा, समोरची कहाणी त्या जुन्या अर्थापासून सुरू होते का, आणि एका अर्थातून दुसऱ्यात जाताना मधल्या पायरीचं अवतरण आहे का. ‘स्नॉब’च्या बाबतीत चांभार, गावकरी, सामान्य माणूस, नक्कल करणारा, तुच्छ लेखणारा अशी साखळी अवतरणांनिशी उभी राहते. मधली एक कडी जरी केवळ तर्काची असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

गूगल बुक्समध्ये शोधत असाल तर दोन खाचखळगे आहेत. १८००च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब आकाराचा छापत. यंत्र त्याला ‘एफ’ समजतं. त्यामुळे अठराव्या शतकातला ‘स्नॉब’ तुम्हाला ‘एफ’ने सुरू होणाऱ्या स्पेलिंगखाली शोधावा लागेल, नाहीतर पुरावा असूनही दिसणार नाही. दुसरा खळगा नियतकालिकांचा: संकेतस्थळावर दिसणारं साल कित्येकदा मालिकेच्या पहिल्या खंडाचं असतं, समोरच्या पानाचं नसतं. म्हणून ‘अमुक साली वापरला’ असं लिहिण्याआधी त्या खंडाचं मुखपृष्ठ आणि त्या अंकाची तारीख डोळ्यांनी पाहा. शब्दांच्या वापराचे आलेख काढणारी सोय याच माहितीवर चालते, त्यामुळे जुन्या शतकांसाठी त्या आलेखांवर मी निष्कर्ष ठेवत नाही.

एक शंका तुम्ही विचारली नाही, पण येईल: ‘स्नब’ म्हणजे झिडकारणं, त्याचा याच्याशी संबंध आहे का? नाही. ‘स्नब’ चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि तो जुन्या नॉर्स भाषेतल्या खडसावण्याच्या क्रियापदावरून आला. मात्र इंग्रजीत ‘स्न’ने सुरू होणारे कितीतरी शब्द नाकाशी आणि नाकातून निघणाऱ्या तिरस्काराशी जोडलेले आहेत: स्नाउट, स्निफ, स्नॉर्ट, स्नीअर, स्नूटी. ‘स्नॉब’ त्यांच्यातून जन्मला नाही. पण आजचा अर्थ त्याला इतका घट्ट चिकटला यात या शेजाराचा हात असावा, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट नाही. मराठीतही तुच्छतेचं ठाणं नाकावरच आहे. आपण नाक मुरडतो, नाक उडवतो, नाकाने कांदे सोलतो.

यावरून मराठी प्रतिशब्दाकडे येते. आजच्या अर्थाला बोलीतला सर्वांत जवळचा शब्द ‘शिष्ट’. ‘फार शिष्ट आहे ती’ म्हटलं की आपल्याला नेमकं कळतं. या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे: संस्कृतात शिष्ट म्हणजे सुशिक्षित, शिस्तीतला, ज्याचं वागणं प्रमाण मानावं असा, ‘शिष्टाचार’मध्ये तो मान अजून शाबूत आहे, पण माणसाला लावला की टोमणा होतो. ‘स्नॉब’ खालून वर गेला, ‘शिष्ट’ वरून खाली आला आणि दोघे जवळपास एकाच जागी भेटले. फरक एवढाच की शिष्ट माणूस आपल्याच तोऱ्यात अलिप्त असतो. त्यात वरच्यांची हांजी-हांजी येत नाही. म्हणून संपत्ती किंवा हुद्द्यापुढे लोटांगण घालणारा स्नॉब असेल तर ‘शिष्ट’ अपुरा पडतो. तिथे ‘बड्यांच्या मागे लागणारा’, ‘लाळघोट्या’, ‘पोकळ बडेजाव करणारा’ यांतलं प्रसंगाला जुळेल ते घ्यावं. ‘उच्चभ्रू’ मी टाळते. तो इंग्रजीतल्या ‘हायब्राऊ’च्या धर्तीवर घडलेला दिसतो आणि मराठीत तो आता वस्त्यांना, शाळांनाही सहज लागतो, त्यात निंदा उरलेली नाही. ‘उच्चभ्रू वसाहत’ ही जाहिरात होऊ शकते, ‘शिष्ट वसाहत’ होणार नाही. ‘घमेंडखोर’ही नको, कारण घमेंड कशाचीही असते, स्नॉबची घमेंड दर्जाची असते.

तुमच्या दुकानदारासाठी आधी लेखाचं नेमकं साल काढा. १८४३च्या आधीचं असेल आणि बोलणारा विद्यापीठातला किंवा घरंदाज असेल, तर ‘हलक्या वर्गातला’, ‘बाजारातला कुणीतरी’ असं काहीतरी लिहा; हिणवणं वाक्याच्या सुरात येऊ द्या. लिहिणारा सुधारणावादी असेल तर ‘साधा माणूस’ पुरे. साल १८४६च्या पुढचं असेल तर दुकानदार काय करतोय ते पाहा. तो सरदाराच्या गाडीसारखी गाडी ठेवत असेल, दारावर चिन्ह रंगवून घेत असेल, मुलीसाठी सरदारकीवाला जावई शोधत असेल, तर ‘बड्यांची नक्कल करणारा’ हाच अर्थ धरा. यांतलं काहीच तो करत नसेल, तर जुना अर्थ अजून चालू आहे असं समजा. नवा अर्थ आल्याबरोबर जुना थांबत नाही, दोन्ही कितीतरी वर्षं शेजारी शेजारी चालतात.

मूळ शब्द ‘स्नॉब’ तसाच ठेवून तळटीप देण्याचाही मार्ग आहे, आणि शब्द लेखात वारंवार येत असेल तर मी तोच निवडेन. तळटीप अशी पुरेल: “स्नॉब: अठराव्या शतकाअखेर चांभार, नंतर केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत गावकरी, १८३०च्या दशकात सामान्य वर्गातला माणूस. इथे तो शेवटच्या अर्थाने आला आहे. ‘इतरांना तुच्छ लेखणारा’ हा आजचा अर्थ नंतरचा.” शेवटून दुसरं वाक्य तुमच्या लेखाच्या सालाप्रमाणे बदला, आणि ‘सिने नोबिलिताते’चा उल्लेख तळटिपेत खंडन म्हणूनही करू नका. खंडन वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या लक्षात फक्त गोष्ट राहते.